ऑक्सिजनवर

आमच्या लालबागच्या चाळीत ‘ऑक्सिजनवर आहे’ या शब्दांचा अर्थ एकच होतो. ते कानावर आले की बायका गॅस बंद करून गॅलरीत येतात, पुरुष ऑफिसात फोन करून उद्याचं सांगून ठेवतात आणि कुणीतरी आवाज खाली आणून विचारतं, गावाला कळवलं का? ऑक्सिजनवर गेलेलं माणूस परत येत नाही अशी आमच्याकडे पूर्वी समजूत होती. करोनानंतर तिची खात्री झाली.

मी शाळेत मराठी शिकवते. शब्दयोगी अव्ययं दरवर्षी शिकवते. टेबलावर, टेबलाखाली, टेबलामागे. मुलं जांभया देतात आणि मलाही त्यात फार वावगं वाटत नाही. पण एवढ्याशा ‘वर’पायी माझ्या जिवंतपणी माझ्या घरात माणसं जमतील, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मला मोठ्या आतड्याचा आजार आहे. आतल्या अस्तराला जखमा होतात, रक्त पडतं आणि कळ आली की धरून ठेवता येत नाही. इतकं सरळ वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली. घरात त्याला ‘पोटाचं’ म्हणतात. शाळेत ‘अॅसिडिटी’ म्हणतात, कारण तसं मीच सांगितलं आहे. माझे वडील तर ‘पोटाचं’ही म्हणत नाहीत. ते ‘तुझा ता’, म्हणजे तुझं ते, एवढंच म्हणतात आणि नजर खिडकीबाहेर नेतात.

आमच्या मजल्याचे संडास गॅलरीच्या टोकाला आहेत. चाळ पाडून टॉवर होणार, घरात संडास येणार, हे मी शाळेत शिकत असल्यापासून ऐकते आहे. आता मी शिकवते आहे आणि संडास तिथेच आहेत. सकाळी बादल्या घेऊन माणसं उभी असतात. मी खोलीतून बाहेर पडले की रांगेतलं कुणीतरी पुढच्याला म्हणतं, “सोड रे तिला आधी.” आणि रांग बाजूला होते. कुणी कुरकुर करत नाही, कुणी हसत नाही. भांडकुदळ म्हणून नाव काढलेली माणसंसुद्धा मला वाट देतात. त्यांच्या या चांगुलपणाचा मला भयंकर राग यायचा. सगळ्या मजल्याला माझ्या आतड्याचं वेळापत्रक पाठ आहे, हे कळून कुणाला आनंद होईल?

गोळ्या झाल्या, स्टिरॉइडनं तोंड भोपळ्यासारखं झालं, महागडी इंजेक्शनं झाली. प्रत्येक औषधानं थोडे दिवस साथ दिली आणि मग पाठ फिरवली. शेवटी परळच्या डॉक्टरांनी मोठं आतडं काढायची गोष्ट काढली. आतडं काढायचं, पोटाला भोक पाडायचं आणि त्यावर पिशवी लावायची. पुढे कदाचित ती काढता येईल, कदाचित नाही. मला तो दिवस आठवतो तो एवढ्यासाठी की बाहेर आल्यावर आईनं विचारलं, “पिशवी खयची? आपल्याक आणूक व्हयी की तेच देतत?” तिला वाटलं, ऑपरेशनला जाताना सामान नेतात ती. मी हसले आणि मग तिथेच बाकावर बसून रडले.

मला माझं आतडं हवं होतं. कितीही नासलेलं असलं तरी ते माझं होतं. मी डॉक्टरांना म्हटलं, त्याआधी करण्यासारखं काहीच उरलं नाही का? तेव्हा त्यांनी त्या ऑक्सिजनच्या पेटीचं सांगितलं. बंद पेटीत निजवून, दाब वाढवून शुद्ध ऑक्सिजन देतात. न भरणाऱ्या जखमांना, मधुमेह्यांच्या पायांना वगैरे ते करतातच. आतड्याच्या जखमांनाही त्याची मदत होऊ शकते, असं काही ठिकाणी दिसलं आहे. “पण मॅडम, या आजारासाठी हे अजून पक्कं झालेलं नाही. मी वचन देत नाही. मदत होऊ शकते, एवढंच म्हणतो.”

‘होऊ शकते’ हे शक्यता सांगणारं क्रियापद आहे, निश्चिती सांगणारं नव्हे, हे मी नववीच्या मुलांना समजावते. त्या दिवशी मी स्वतःच ते ‘होईल’ असं ऐकलं.

सेंटर दादरला होतं, एका गल्लीत, तळमजल्यावर. शाळेतून रजा घेऊन मी आणि आई रोज टॅक्सीनं जायचो, कारण बसचा भरवसा मला धरता येत नव्हता. आत जाण्याआधी नियम असत. केसांना तेल नको, क्रीम नको, पावडर नको. नायलॉनचा धागासुद्धा नको, कारण ऑक्सिजनमध्ये एक ठिणगी पडली तर संपलं. त्यांनी दिलेला सुती झगा घालायचा. अंगावर धातू नको. माझ्या कमरेला गावच्या देवाचा ताईत होता, काळ्या दोऱ्यात ओवलेला. आई तो काढायला तयार होईना. टेक्निशियन म्हणाला, “काकी, हे आत नाही चालणार. तुम्ही हातात धरून बाहेर बसा ना.” तेव्हापासून मी आत असेपर्यंत आई बाहेर बाकड्यावर मूठ आवळून बसायची. मी बाहेर आले की तिच्या तळव्यावर ताईताचा वण असायचा.

पेटी म्हणजे माणूस मावेल एवढी पारदर्शक नळी. स्ट्रेचरवर झोपवून आत सरकवतात, पायाशी दार लागतं, मग सूंऽऽ आवाज येतो आणि घाटात कान बसतात तसे कान बसतात. गिळत राहायचं, जांभई द्यायची. बाहेरचा टीव्ही नळीतून दिसायचा आणि त्यावर बहुतेक वेळा रेसिपीचा कार्यक्रम लागलेला असायचा. कच्चं नको, तिखट नको, दूध नको, डाळसुद्धा गाळून, असं जेवणारी बाई काचेमागून दुसऱ्या बाईला कोळंबी परतताना पाहते आहे. असा विनोद मुद्दाम करायला गेलं तर जमणार नाही.

खरी भानगड वेगळी होती. ही पेटी पटकन उघडत नाही. आतला दाब हळूहळू उतरवावा लागतो, नाहीतर कान फाटतात, आणखी काय काय होतं. म्हणजे ज्या आजारात क्षणभर थांबता येत नाही, त्याचा उपचार अशा जागी जिथून हाक मारल्यावर लगेच सुटता येत नाही. मी टेक्निशियनला पहिल्याच दिवशी विचारलं, मला जावंसं वाटलं तर? तो म्हणाला, “ताई, माईकवर सांगा, मी उतरवायला घेतो. थोडा टाइम लागतो.” तो ‘थोडा टाइम’ म्हणजे काय, हे त्याला कसं कळावं? आईला कळलं. तिनं आपलं जुनं सुती लुगडं फाडून त्याच्या घड्या केल्या, लहान मुलाला बांधतात तशा. चाळिशी उलटलेली मुलगी आणि सत्तरीची आई, पडद्यामागे उभ्या राहून एकमेकींकडे न बघता त्या बांधायचो.

पहिले काही दिवस रक्त कमी झालं. खरंच कमी झालं. मी रोज वाकून बघायचे आणि खोटं वाटायचं. एका सकाळी तर काहीच लाल नव्हतं. मी गॅलरीतून परत येताना रांगेतल्या शेजारणीशी हवापाण्याचं बोलले, इतकी मी हवेत होते. त्या आठवड्यात मी मऊ भाताबरोबर बोंबलाची आमटी खाल्ली, पुढच्या वर्षी कुठला वर्ग मागायचा याचा विचार केला आणि मनातल्या मनात ती पिशवी कुणा दुसऱ्याला देऊन टाकली. आशेसारखी लबाड गोष्ट नाही. आजारानं मला जेवढं फसवलं नाही, तेवढं त्या आठवड्यानं फसवलं.

मग एक दिवस पेटीत कळ आली. मी माईकवर सांगितलं. त्यानं लगेच दाब उतरवायला घेतला, काट्याकडे बघत मला म्हणत राहिला, “होतंय ताई, होतंय, गिळत राहा.” मी गिळत होते, मुठी आवळत होते, टीव्हीवर कुणीतरी कढईत मोहरी टाकत होतं. मला नाही जमलं. लुगड्याच्या घड्या पुरल्या नाहीत. नळी पारदर्शक आहे, हे मी सांगितलंच. तो टेक्निशियन भला माणूस, त्यानं मान दुसरीकडे वळवली. त्याची ती वळलेली मान मला अजून दिसते. त्यानं कपाळाला आठी घातली असती तर मी भांडले असते, पण वळवलेल्या मानेशी कसं भांडणार? आईनं मला पुसलं, कपडे घातले, कमरेला ताईत बांधला. त्या दिवसापासून रक्त परत सुरू झालं.

तरी मी जात राहिले. आणि याच दिवसांत आईच्या हातून ती चूक झाली.

चूक तरी कशी म्हणायची? आम्ही दोघी रोज टॅक्सीनं कुठे जातो, हे शेजारणीनं नळावर विचारलं. इतकी वर्षं आई ‘पोटाचा हा तिचा’ म्हणून बादली उचलायची. आता पहिल्यांदाच तिला सांगण्यासारखा शब्द मिळाला होता. त्यात संडास नव्हता, रक्त नव्हतं, स्वच्छ चारचौघांत उच्चारता येईल असा शब्द. आई म्हणाली, “दादराक नेतंय. ऑक्सिजन लावतत तिका.” मला वाटतं, ती हे जरा ताठ मानेनं म्हणाली असेल.

शेजारीण आमच्याच गावची. तिनं गावात बहिणीला फोन केला. बहिणीनं आमच्या थोरल्या काकांना सांगितलं. या प्रवासात ‘लावतत’ गळून पडलं आणि तिथे ‘वर’ येऊन बसलं. मुंबईचं चेडू, म्हणजे मुलगी, ऑक्सिजनवर आहे. गावातून तेच वाक्य परत मुंबईत आलं, करी रोडला, नायगावला, थेट दिव्यापर्यंत, जिथे जिथे आमचे नातेवाईक आहेत तिथे.

त्या संध्याकाळी आम्ही दादरहून परतलो. आई खाली कोपऱ्यावर केळी घ्यायला थांबली, मी कठडा धरत एकटीच जिना चढले. आमच्या दारात चपलांचा ढीग होता. आत माणसं दाटीवाटीनं बसलेली, काही उभी, सगळ्यांची तोंडं आत देव्हाऱ्याकडे. वडिलांच्या हातात फोन होता, स्पीकरवर. फोनमधून थोरल्या काकांचा आवाज येत होता. ते गावच्या देवळात उभे राहून गाऱ्हाणं घालत होते.

कोकणाबाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्यात देवाला मनातल्या मनात मागत नाहीत. एकानं खड्या आवाजात देवापुढे सगळी अडचण मांडायची, आणि तो थांबला की बाकीच्यांनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. लहानपणी गावाला गेलो की त्या ‘व्हय म्हाराजा’त ओरडायला आम्हाला फार मजा यायची.

“बा देवा म्हाराजा, तुझा ह्या लेकरू आज मुंबयत ऑक्सिजनवर पडला हा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“डॉक्टरांनी हात टेकल्यानी म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तेच्या जीवाचे आता हाल करू नको. तेका सोडव, मोकळा कर म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

शेवटच्या ‘व्हय’मध्ये मला माझ्या वडिलांचा आवाज वेगळा ऐकू आला. तो सगळ्यांत स्पष्ट होता.

मग दिव्याहून आलेल्या आत्येचं दाराकडे लक्ष गेलं. “अगो बाय माझे,” ती किंचाळली, “तू चलतंस?” सगळे वळले. सुजलेल्या तोंडानं दोन पायांवर उभ्या असलेल्या मला बघून कुणाला हसावं की रडावं कळेना. आमच्याशी कपडे वाळत घालायच्या दोरीवरून कायम भांडणारी बाई डोळे पुसत होती, ती पुसायची थांबली. मी चपला काढल्या आणि वर्गात बोलते तशी बोलले. “ऑक्सिजनवर नाही. ऑक्सिजनमध्ये. रोज आत जाते आणि रोज बाहेर येते.” माना हलल्या. मला माहीत आहेत तशा माना, ज्या वर्गात काही कळलं नाही की हलतात. चहा झाला. निघताना आत्येनं पर्समधून गंगाजलाची बाटली काढून आईच्या हातात दिली. “आणलंय तर असां दे घरात. लागता.”

वडिलांना मी त्या दिवशी काही विचारलं नाही. गावच्यांना चुकीचं समजलं, नातेवाइकांना चुकीचं समजलं. पण माझे वडील रोज मला टॅक्सीत बसवून देत होते. त्यांना सगळं माहीत होतं.

कोर्स संपला. दुर्बीण घालून तपासलं. डॉक्टरांनी पडद्यावरचं चित्र दाखवलं, लाल, सोललेलं, जसं आधी होतं तसंच, एक जागा तर आणखी वाईट. ते म्हणाले, “काहींना होतो उपयोग. तुम्हाला नाही झाला. आता काढावं लागेल.” ‘शकते’चं ‘लागेल’ झालं. मी होकारार्थी मान हलवली. त्या मानेलाही काही कळलेलं नव्हतं.

घरी आल्यावर आई स्वयंपाकाला लागली. वडील खिडकीशी बसले होते. मी त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, “बाबा, त्या दिवशी तुम्ही ‘व्हय’ का म्हणालात?”

“गाऱ्हाण्यात मदी बोलूचा नसता,” ते म्हणाले. “देव थांबलेलो असता.”

“मधे बोलू नका. पण गप्प तरी राहायचं होतं.”

त्यांनी नजर खिडकीबाहेर नेली. मग म्हणाले, “तू उठून धावतंस ना, तेवा मी जागो असतंय. तुझी पावलां ऐकतंय. जाताना धावतत ती आणि येताना ओढत येतत.” त्यांनी लुंगीच्या सोग्यानं तोंड पुसलं. “एकदा काय झाला, माझ्या मनात इला, सुटां दे.”

“कोण सुटू दे?”

“माका काय म्हायत गो,” ते म्हणाले. “मी पण दमलंय.”

मला त्यांचा राग यायला हवा होता. रांगेतल्या माणसांचा येतो, टेक्निशियनच्या मानेचा येतो, आत्येच्या बाटलीचा तर फारच येतो. वडिलांचा आला नाही. मला एवढंच वाटलं की मी एकटीच आजारी आहे असं मी समजत होते, ते तरी निदान खरं असायला हवं होतं.

आता ऑपरेशन ठरलं आहे. परवा वडील म्हणाले, त्या दिवशीचं गाऱ्हाणं चुकीचं पडलं, ते फिरवून घालायला हवं. काकांना फोन नको, मीच घालतो. त्यांनी आंघोळ केली, देव्हाऱ्यापुढे पानाचा विडा आणि नारळ ठेवला, हात जोडले. मागे मी आणि आई. आईच्या मुठीत ताईत होता, कारण ऑपरेशनच्या तपासण्यांसाठी तो पुन्हा काढावा लागला होता.

“बा देवा म्हाराजा,” वडिलांनी सुरुवात केली. “आज तुझ्या पायाकडे मी गाऱ्हाणा घालतंय म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” आम्ही दोघी म्हणालो.

“माझ्या चेडवाक जो काय तरास हा,” ते म्हणाले, आणि अडखळले, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द म्हणाले, “तेचा आतडा, म्हाराजा. तेच्या आतड्याक लागला हा.”

“व्हय म्हाराजा.”

“मागच्या खेपेक बोलण्यात चूक झाली, ती पोटात घाल म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

“तर आता तू ह्या चेडवाक,” ते म्हणाले आणि थांबले.

आम्ही वाट पाहिली. आतडं राहू दे, हे मागून उपयोग नव्हता, ते जाणारच होतं. बरं कर म्हणावं, तर कशाला बरं म्हणायचं हे त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. सोडव हा शब्द आता त्यांना वापरता येत नव्हता. आई रडायला लागली होती.

त्यांच्याकडे मागण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. पण देव थांबलेला होता, आणि बोलणारा थांबला की मागच्यांनी म्हणायचं असतं.

“व्हय म्हाराजा,” मी म्हणाले.